दोन घोड्यांची बंदूक

अण्णांच्या उजव्या भुवईत एक खाच होती. तिथे केस उगवत नसत. घरी कुणी चहाला आलं आणि त्याची नजर तिकडे गेली, की आमचे अण्णा खूश. "थोरल्या आबांनी दिलेली हाय," असं म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, आबांनी विहीर नावावर करून दिली असेल. दिला होता तो बंदुकीचा दस्ता, तोंडावर, सगळ्या जोरानिशी, आणि त्यानंतर अण्णा बराच वेळ बांधावर शुद्ध हरपून पडले होते. आमच्या घरात ही मिरवायची गोष्ट होती. मला वडिलांच्या ह्या कौतुकाची कायम चीड यायची आणि ती मी लपवायचेही नाही.

थोरले आबा म्हणजे माझ्या आजोबांचे मोठे भाऊ. साताऱ्याकडच्या डोंगराळ मुलखात शिकारी म्हणून त्यांचं मोठं नाव होतं. एखादं जनावर माणसाला चटावलं की गावोगावचे लोक त्यांना बैलगाडी पाठवून न्यायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांची बंदूक मात्र रोज पाहिली, कारण ती नेरूळच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, लोखंडी कपाटावर, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली असायची. बाराबोअरची दुनळी. दोन नळ्या आणि त्यांच्या मागे दोन घोडे. जुन्या बंदुकांचे घोडे बाहेर दिसतात. अंगठ्याने ते मागे ओढायचे, मग चाप दाबला की ते काडतुसाच्या बुडावर आपटतात आणि बार उडतो. काडतुसं आमच्या घरात कधी आलीच नाहीत, पण ही सगळी माहिती मला शाळेत जायच्या आधीपासून होती. आमच्याकडे घोडा म्हटलं की तो बंदुकीचाच.

आबांना मूलबाळ नव्हतं, म्हणून बंदूक अण्णांकडे आली, परवान्यासकट, रीतसर. अण्णा वाशीच्या घाऊक बाजारात पाठीवर कांद्या-बटाट्याची पोती वाहायचे. दिवसभर कुणीही त्यांना "ए मामा, इकडे मर" म्हणायचं आणि अण्णा जायचे. पण खंडेनवमीला बंदूक खाली यायची, तेल लावून पाटावर मांडली जायची, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली जायची, आणि सोसायटीतली माणसं बघायला यायची. त्यात बँकेतले असत, पोस्टातले असत, एरवी जिन्यात आम्हाला ओळखही न देणारे असत. आमचे सेक्रेटरी तर बंदूक खांद्याला लावून बायकोला फोटो काढायला सांगायचे. त्या दिवशी अण्णा घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसायचे आणि गोष्ट सांगायचे. वर्षातल्या त्या दिवसावर माझा बाप वर्षभर जगायचा, हे मला कळत होतं. तरीही राग यायचाच.

गोष्ट अशी. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात बिबट्या पोरं उचलायला लागला होता. एका बाईच्या मांडीवरून त्याने तिचं तान्हं नेलं. आबांना बोलावणं गेलं. हाका घालायला गडी गोळा झाले, त्यात नुकतंच मिसरूड फुटलेले आमचे अण्णा. डबे बडवत, आरडाओरडा करत रांग पुढे सरकली आणि करवंदीच्या जाळीतून जनावर सुटलं ते नेमकं अण्णांच्या अंगावर. अण्णा पळाले. रांग तिथे फुटली. बिबट्याने शेजारच्या गड्याला खाली घेतलं आणि त्याच्या टाळूचं कातडं केसांसकट मागे ओढलं, कणसाचं साल ओढावं तसं. आबा धावत आले. त्यांनी डावा बार टाकला, तो फुसका निघाला. मग नळी जनावराच्या कानाला टेकवून उजवा टाकला. डोकं उडालं. खालच्या गड्याच्या अंगावर त्याचं स्वतःचं आणि जनावराचं, असं दोघांचं रक्त. मग त्या तान्ह्याची आई आली आणि मेलेल्या बिबट्याला दगडाने ठेचत राहिली. हात सोलवटले तरी थांबेना. आणि आबांनी बंदूक उलटी धरली, पळालेल्या अण्णांना शोधून काढलं आणि दस्ता घातला.

ऐकणारे "वा!" म्हणायचे. कुणी भुवईला बोट लावून बघायचं. तो गडी वाचला का, हे अण्णांना कधी कुणी विचारलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "न्हाई वाचला." पुढच्या पाहुण्याला सांगताना तो भाग पुन्हा गाळला.

मी कॉलेजात होते त्या वर्षीची ही हकिगत. दिवस वाईट होते. बाजारातल्या एका व्यापाऱ्याला भर सकाळी त्याच्या गाळ्याच्या दारात गोळ्या घातल्या. अण्णा हाकेच्या अंतरावर होते. पाठीवरचं पोतं टाकायचंही त्यांना सुचलं नाही, ओझ्यासकट तसेच वाकून उभे राहिले. मारणारे स्कूटरवर बसून आरामात गेले. जमिनीवर कांदे पसरलेले होते, रक्त त्या कांद्यांच्या मधून वाहत गेलं, आणि मग ते कांदे धुऊन विकले, असं अण्णांनीच घरी जेवताना सांगितलं. आईने ताटावरून उठून कांदा टाकून दिला.

व्यापाऱ्यांना धमक्यांचे फोन यायचे आणि ते एसटीडी बूथवरून केलेले असायचे. म्हणून पोलिसांनी बूथवाल्यांना कान उघडे ठेवायला सांगितलं होतं. आणि त्या दिवसांत सगळ्या मुंबईच्या तोंडी एक शब्द बसला होता, घोडा. त्याचा अर्थ पिस्तूल. हा अर्थ शेंबड्या पोरांनाही माहीत होता. माझ्या बापाला माहीत नव्हता. त्यांच्या डोक्यात घोडा एकच, आबांच्या बंदुकीचा.

खंडेनवमी जवळ आली म्हणून अण्णांनी बंदूक तेल लावायला खाली काढली आणि ती हातातून निसटली. कपाटाच्या कडेवर आपटून डावा घोडा मोडला. अण्णा असे बसले की जणू घरातलं माणूस गेलं. मोडकं हत्यार पूजेला मांडत नाहीत, अशी आमच्याकडची रीत. साताऱ्यात एक म्हातारा कारागीर होता, त्याला जुन्या बंदुकांचं काम यायचं. तो जिवंत आहे का हे गावाकडे धाकट्या काकांना विचारायला अण्णा संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बूथवर गेले. मी बरोबर होते. गावची लाइन इतकी खराब होती की ओरडून बोललं तरच तिकडे ऐकू जायचं. बूथचं काचेचं दार लावूनही अण्णांचा शब्द न् शब्द बाहेर रांगेत ऐकू येत होता.

"घोडा मोडलाय! आरं, घोडा! व्हय, डावा! उजवा चालतोय, त्येचं काय न्हाई! कारागीर हाय का ग्येला? हाय? मग मी शनवारी यष्टीनं घिऊन येतो! पोत्यात गुंडाळून आणतो, कुणाला कळत न्हाई! नवमीच्या आत व्हाया पायजे, मंजी पायजेच!"

रांगेतले लोक एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, ओरडण्याला हसतायत. बूथवाला मान खाली घालून काहीतरी करत होता. आम्ही घरी आलो, आईने भाकऱ्या केल्या, आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी अण्णांना बाजाराच्या फाटकावरून साध्या कपड्यातल्या माणसांनी उचललं. आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते दुपारी, जेव्हा दार वाजलं आणि दारात अण्णा उभे होते, दोन्ही दंडांना दोघांनी धरलेले, मागे एक साहेब आणि आणखी एक हवालदार. अण्णांच्या पायात चपला नव्हत्या. ते पावलांच्या कडांवर उभे होते. तळवा जमिनीला टेकला की त्यांचं सगळं अंग उडायचं. शर्ट पाठीला चिकटला होता. आईने "अवो, काय झालं?" म्हणून हात पुढे केला तर हवालदाराने तिला खांद्याने बाजूला ढकललं. ती शिवणयंत्रावर पडली.

"कुठाय?" साहेब म्हणाले.

अण्णांनी कपाटाकडे बोट दाखवलं. हवालदाराने स्टुलावर चढून गाठोडं खाली ओढलं. लुगड्यातून दोन-अडीच हातांची लांबलचक, जुनाट बंदूक बाहेर आली. मग तो हवालदार हसायला लागला. हसता हसता त्याने साहेबांना सांगितलं ते आमच्या समोर, आईच्या आणि माझ्या समोर.

"साहेब, म्हणून हा असं बोलत होता! आम्ही विचारलं, घोडा है क्या, तर म्हणतो हाय. किती? तर म्हणतो दोन. पट्टा घातला, एक कुठाय? कपाटावर. दुसरा? त्येच्या शेजारीच. मग आणखी घातला, आम्हाला वाटलं, येडं बनवतोय. शेवटपर्यंत सोडलं नाही बघा ह्यानं. दोन म्हणजे दोनच!"

सगळे हसले. साहेबही हसले. आणि मी काय पाहिलं, तर अण्णाही हसायचा प्रयत्न करत होते, फुटलेल्या ओठाने. त्या क्षणी माझ्या हाताशी पोळपाट होता. तो त्या हवालदाराच्या टाळक्यात घालावा असं मला इतकं वाटलं की माझी बोटं लाकडाला घट्ट बसली. आईने माझं मनगट धरलं. तिला माझा स्वभाव माहीत होता.

मी परवाना काढून साहेबांच्या पुढ्यात आदळला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, घडी घालून खिशात ठेवला. "खात्री करावी लागेल. बंदूक जमा राहील. दोन-चार दिवसांनी येऊन घेऊन जा." माफीचा शब्द नाही. जाताना हवालदाराने अण्णांच्या पाठीवर थाप मारली आणि अण्णा कळवळून वाकले.

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पण अण्णांनी सगळ्यांना वेगळंच सांगितलं. "गैरसमज झाला वो. चा पाजला त्यांनी. लय भली माणसं." मग पायाला काय झालं? "ट्रकावरनं घसरलो." आईला आणि मलाही तेच. आई गरम पाण्यात हळद-मीठ घालून त्यांचे पाय धरायची. तळवे काळेनिळे होऊन वांग्यासारखे सुजले होते. ती रडायची, आणि अण्णा तिला ट्रकाची गोष्ट सांगायचे. एकदा मी ओरडले, "अण्णा, त्यांनी मारलंय तुम्हाला, आम्ही ऐकलंय सगळं!" तर माझ्यावर हात उगारला त्यांनी. आयुष्यात पहिल्यांदा. "आमच्या घराण्यावर हात टाकील असा कोण हाय? आबांच्या घरातला हाय मी!" हात तसाच वर राहिला, खाली आला नाही.

"ती बंदूक तिकडंच सडू द्या," आई म्हणाली. "तिनं ह्या घरात मारच आणलाय. आधी आबांचा आणला, आता ह्यांचा."

पण अण्णांना ती हवी होती, आणि नवमीच्या आत हवी होती. ते रोज आंघोळ करून धुतलेला शर्ट घालायचे आणि दारापर्यंत जायचे. पायांचं निमित्त सांगून परत यायचे. पायांचं ते निमित्तच होतं. त्या जागी पुन्हा पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला घाम फुटायचा, हे मला दिसत होतं. शेवटी मी म्हटलं, मी येते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते कसेबसे चालत होते.

आत गेलो आणि मला आधी काही समजेना. साहेबांच्या टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरलेला होता आणि त्यावर बंदूक ठेवलेली होती. नळ्या चकाकत होत्या, दस्त्याला पॉलिश केलेलं होतं. साहेब खुर्चीतून उठले. उठले! "या काका, या. बसा."

काका. चार दिवसांपूर्वी ह्याच माणसाच्या खोलीत माझ्या बापाला आईमाईवरून शिव्या घातल्या होत्या.

"अहो, परवान्यावर मूळ मालकाचं नाव वाचलं आणि मी उडालोच," साहेब सांगायला लागले. "आमचं आजोळ तिकडचंच. माझ्या आईच्या चुलतीचं पोर नेलं होतं त्या बिबट्यानं. लहानपणी ह्या बंदुकीच्या आणि आबांनी पुतण्याला घातलेल्या दस्त्याच्या गोष्टी ऐकत झोपलोय आम्ही. ही ती बंदूक! आणि ती माझ्या टेबलावर!" त्यांनी दस्ता दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. अगदी मनापासून. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं कशाला सांगू? मग मान हलवून म्हणाले, "आधी सांगायचं ना काका, कुणाची बंदूक आहे ते! तुमच्यावर हात कशाला पडला असता?"

म्हणजे कुणा साध्यासुध्याची असती तर पडलेला हात बरोबर होता. हे मी मोठ्याने म्हणणार होते. पण अण्णांकडे पाहिलं आणि माझं तोंड मिटलं. अण्णांचा चेहरा खुलला होता. खंडेनवमीला खुर्चीत बसल्यावर खुलायचा तसा. मला इतकी लाज वाटली त्यांची, की तिथून उठून जावंसं वाटलं.

साहेबांनी हाका मारून शिपाई, हवालदार सगळ्यांना आत बोलावलं. चहा सांगितला. "हे स्वतः हाक्याला होते, समजलं का? ही बघा खूण. काका, ह्या सगळ्यांना सांगा ती गोष्ट. तुमच्या तोंडून ऐकायचीय."

अण्णांनी घसा साफ केला. "तवा पावसाळा सरला हुता," त्यांनी सुरुवात केली. "डोंगरात करवंदीची जाळी लय दाट. आमी गडी रांगंनं..."

तेवढ्यात तो आमच्या घरी हसलेला हवालदार दारातून आत आला आणि भिंतीला टेकून, हाताची घडी घालून ऐकायला उभा राहिला. तोंडावर तेच हसू. अण्णा थांबले. सगळे वाट बघत होते. अण्णा खाली स्वतःच्या पायांकडे बघत होते. चपलांच्या पट्ट्यांत मावत नव्हते ते पाय.

"पुढं?" साहेब म्हणाले.

"पुढं न्हाई सांगत."

"अहो, का?"

"ती गोष्ट आमी घरी आल्या पावण्यांस्नी सांगतो, सायेब," अण्णा अगदी हळू म्हणाले. "तुमी पावणं न्हाई."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा भक्तिभाव हळूहळू उतरला आणि खाली दुसराच चेहरा निघाला, आमच्या घरी आलेला. त्यांनी परवाना ड्रॉवरमध्ये टाकला. "बंदूक न्यायची आहे ना उद्याच्या पूजेला?"

"न्यायची हाय."

"मग सांगा आणि घेऊन जा. नाहीतर चौकशी अजून बाकी आहे. किती दिवस चालेल, मला सांगता यायचं नाही."

मी अण्णांचा दंड दाबला. सांगून टाका, असं म्हणायला दाबला की सांगू नका म्हणायला, मला तेव्हाही कळलं नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला होता, नुसती भीती उरली होती. अण्णांनी हात लांब करून दस्त्यावर ठेवला. अंगठा उजव्या घोड्यावरून फिरवला, मोडलेल्या डाव्याच्या जागेवरून फिरवला. मग टेबलाला धरून उठले. चहा तसाच राहिला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बंदूक परत मिळाली नाही. त्या साहेबांची बदली झाली. नंतरच्यांना विचारलं तर ते कागद शोधा म्हणाले, आणि अण्णांनी शोधले नाहीत. आता काही नातेवाईक म्हणतात, थोरल्या आबांची बंदूक आज घरात असती तर काय मान असता. एखाद्या बंगल्याच्या भिंतीवर ती असेलही आणि कुणी पाहुण्यांना बिबट्याची गोष्ट सांगतही असेल, अर्धीमुर्धी. माझ्यापुरती ती त्या टेबलावरच राहिली.

बाहेर आलो तर ऊन मरणाचं होतं. कुंपणाच्या कठड्यापर्यंत अण्णा ताठ चालले. तिथे ते कठड्यावर बसले. मी शेजारी बसले. समोरून शाळा सुटलेली पोरं जात होती. अण्णांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, बंदुकीसाठी रडतायत.

"जाऊ दे अण्णा," मी म्हटलं. "बंदूक काय, लोखंडच ते."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत. लहानपणी मला ताप आला की मी आईकडे जशी बघायचे, तसे ते माझ्याकडे बघत होते.

"बंदुकीचं न्हाई गं पोरी," ते म्हणाले. "मला लय मारलं त्यांनी. पायावर मारलं, पाठीवर मारलं. मी आई आई करून वरडत हुतो."